जेसीडब्ल्यू७१५० दोनदा कसं आलं

सकाळी साडेआठला दिवाणजींचा फोन.

"बापू, पावतीच नाही निघून रायली ना. काटा चालू हाये, वजन बरोबर दाखवून रायला, पण पावतीचं बटन दाबलं का मशीन नुसतं इंग्रजीत शिव्या देते. बाहेर अकरा गाड्या लागल्या."

इंग्रजीत शिव्या म्हणजे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा एरर, आणि तो प्रोग्राम माझा. आमचं गाव आर्णी तालुक्यात, दिवाणजींची कापसाची जिनिंग तिथून नऊ किलोमीटर. गाडी काढून पोचेपर्यंत अकराच्या वीस झाल्या असत्या. म्हटलं, "काकाजी, कपाटातलं कार्बनचं बुक काढा, तोवर हातानं पावत्या फाडा. मी पाहतो."

मशीन म्हणजे खरं तर मुंबईत भाड्यानं घेतलेला सर्व्हर. काट्यावरचं भरतं वजन आणि खाली गाडीचं वजन त्याच्याकडे जातं, तो निव्वळ क्विंटल काढतो, भावानं गुणतो, पावती छापतो. भाव मात्र एका साध्या फाइलीत. तीन ओळी, नुसते आकडे: चांगला माल, मधला माल आणि फरदड. रात्री सेठजींचा फोन येतो, "मधल्यात पन्नास वाढव." मी घरून टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडतो, सर्व्हरवर शिरतो, विम नावाच्या एडिटरमध्ये ती फाइल उघडतो, आकडा बदलतो, बंद करतो. पंधरा सेकंदांचं काम. यासाठी सेठजींना बटनांची एक स्क्रीन करून द्यायला पाहिजे हे मलाही कळतं. तीन सीझन झाले, "यंदा करू" म्हणतोय.

फाइल पाहिली. पहिल्या ओळीत ७२५० पाहिजे होतं. तिथे होतं: जेसीडब्ल्यू७१५०जेसीडब्ल्यू७१५०. इंग्रजी लहान अक्षरं, मध्ये एक जागाही न सोडता, दोनदा. दुसऱ्या ओळीत जुनाच भाव, ७१००. भावाच्या जागी अक्षरं आल्यावर बिचारा पायथन गुणाकार कशाचा करणार?

नॅनो या दुसऱ्या साध्या एडिटरमध्ये फाइल उघडून तिन्ही आकडे सरळ केले आणि पावत्या सुरू झाल्या. तोवर नऊ पावत्या हातानं फाडून झाल्या होत्या. दिवाणजींना काय झालं ते सांगितलं तर म्हणतात, "जेसीबी माहीत हाये बावा, हे जेसीडब्ल्यू काय होय?"

विम वापरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. जे म्हणजे एक ओळ खाली, सीडब्ल्यू म्हणजे इथला शब्द बदल, आणि ७१५० हा नवा आकडा. मी रात्री दाबलेली बटनं होती ती. फक्त हुकूम म्हणून पाळली जाण्याऐवजी मजकूर म्हणून उमटली होती. आदल्या रात्री नेट अडकत होतं, पडदा कोरा होता, आणि मी सवयीनं आंधळेपणी बटनं दाबून, सेव्ह करून झोपलो होतो. माझी चूक तिथंच झाली, कबूल. पण बटनं मजकूर का झाली? आणि दोनदा का? हे 'दोनदा' मला दिवसभर टोचत राहिलं.

दोन दिवसांपूर्वी मी सर्व्हर अपग्रेड केला होता. त्यावर चालणाऱ्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची १८.०४ आवृत्ती, तिचा नेहमीचा पाठिंबा २०२३च्या मे महिन्यातच संपलेला. मी टाळत होतो, कारण सरळ उडी मारता येत नाही. आधी २०.०४वर जायचं, मग २२.०४वर. रात्री दहाला बसलो ते अडीचला उठलो. अपग्रेडवाल्यांनी एक सोय छान केली आहे, मध्येच नेट तुटलं तर परत शिरता यावं म्हणून ते १०२२ नंबरच्या पोर्टवर दुसरा दरवाजा उघडून ठेवतात. आमच्याकडे तो दरवाजा दोनदा वापरावा लागला. या सगळ्यात विम ८.० वरून ८.२ वर गेला होता.

त्यानंतर दोन गोष्टी विचित्र दिसत होत्या आणि मी दोन्हींकडे काणाडोळा केला होता. जिनिंगच्या कॉम्प्युटरवरून विम उघडलं की वरच्या कोपऱ्यात कचरा यायचा: 'पेक्षा मोठं'ची खूण, चार, अर्धविराम, दोन आणि एम. आणि घरी विम बंद केल्यावर कधीकधी प्रॉम्प्टवर, म्हणजे हुकूम लिहायच्या ओळीवर, आपोआप काहीतरी टाइप झालेलं दिसायचं: ११;आरजीबी आणि पुढे शून्यांची रांग. मी एंटर मारायचो, हुकूम घेणारा प्रोग्राम, म्हणजे शेल, 'असा हुकूम नाही' म्हणायचं, आणि काम पुढे. दोन्हींचा रोग एकच, नवा विम, अशी मी मनाशी गाठ मारली. ही गाठ पुढे तीन दिवस मला नडली.

आधी संशय गेला देवनागरीवर. जिनिंगच्या शेतकऱ्यांची यादी मराठीत आहे आणि टर्मिनलमध्ये मराठीचे हाल असतातच. 'कापूस' लिहायला क, काना, प, ऊकार, स अशी पाच चिन्हं लागतात, युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे पंधरा. पण पडद्यावर त्यांनी किती घरं अडवायची यावर एडिटर आणि टर्मिनल यांचं एकमत होईलच असं नाही, मग कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. हे दुखणं जुनं आणि सवयीचं आहे, म्हणून बोट पटकन तिकडे गेलं. पण भावाच्या फाइलीत मराठीचं एक अक्षर नाही. नुसत्या आकड्यांची नवी फाइल करून पाहिली, कचरा तसाच. देवनागरी सुटली.

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर जाऊन बसलो. ढिगांवर कापूस रिता होत होता, मशीनघरातून रुईची धूळ ऑफिसात येत होती, की-बोर्डावर पांढरा थर. विमच नुसतं उघडलं, फाइलीशिवाय. तसं उघडलं की ते स्वागताचा मजकूर दाखवतं आणि त्यात एक ओळ असते, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. दिवाणजी खुर्चीमागे उभे होते, चष्मा वर करून त्यांनी ती वाचली.

"हे युगांडा कोठी आलं मध्ये?"

सांगितलं, की हा एडिटर ब्रॅम मूलेनार नावाच्या डच माणसानं केला, १९९१मध्ये पहिल्यांदा बाहेर दिला, फुकट. पैसे द्यायचेच असतील तर तिकडच्या मुलांना द्या म्हणाला. २०२३मध्ये गेला तो.

"मंग तुनं देल्ले काय?"

नाही दिले, म्हटलं. दिवाणजी काही न बोलता काट्याकडे गेले. ते न बोलणं मला बरंच ऐकू आलं.

असो. कचऱ्याचं मूळ शोधायला मी स्क्रिप्ट नावाचा हुकूम वापरला. हा हुकूम दिला की पुढे टर्मिनलवर जे जे जातं ते एका फाइलीत उतरतं, डोळ्यांना न दिसणारी चिन्हंसुद्धा. मग ती फाइल कॅट या हुकमाला उणे व्ही लावून वाचायची, म्हणजे तो ती चिन्हं दिसतील अशी छापतो. तिथे पहिल्याच ओळीत सापडलं. विम सुरू होताना टर्मिनलला एस्केप, चौकोनी कंस, मग तीच 'पेक्षा मोठं'ची खूण, चार, अर्धविराम, दोन, एम पाठवत होता. विमच्या मदतपानात याचं नाव आहे मॉडिफाय-अदर-कीज. अर्थ असा की, 'भाऊ, कंट्रोल किंवा शिफ्टबरोबर एखादं बटन दाबलं तर मला नीट फोड करून कळव.' ही भाषा मूळ एक्सटर्म नावाच्या टर्मिनलची. जुन्या विमला ती बोलायची गरज नव्हती, नवा बोलतो. ज्या टर्मिनलला ती कळते ते गुपचूप ऐकतं. जिनिंगवरचा सर्व्हरला जोडणारा प्रोग्राम किती वर्षांपूर्वीचा होता कोण जाणे. त्याला ते कळलं नाही, म्हणून त्यानं पडद्यावर छापून टाकलं.

पण मग विमनं त्याच्याशी त्या भाषेत बोलावंच का? कारण त्यानं स्वतःची ओळख तशी दिली होती. सर्व्हरवर टर्म नावाचं एक चलपद असतं, त्यात समोरच्या टर्मिनलचं नाव. इको करून पाहिलं तर उत्तर: एक्सटर्म. पुण्यात हातगाडीवरचं प्रत्येक संत्रं जसं नागपूरचंच असतं, तसं जगातलं जवळजवळ प्रत्येक टर्मिनल स्वतःला एक्सटर्म म्हणवतं. त्या नावावर विश्वास ठेवून विम बोलत होता. त्या जुन्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये नावाची चौकट सापडली, तिथे व्हीटी१०० लिहिलं. व्हीटी१०० हे डेक कंपनीचं १९७८ सालचं यंत्र, काचेचा पडदा आणि की-बोर्ड, ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, रंग नाहीत. परत जोडलो, विम उघडलं. कचरा गेला. रंगही गेले, पडदा कसा धुतल्यासारखा दिसायला लागला, पण म्हटलं जाऊ दे, रोग सापडला. दिवाणजींना सांगितलं, झालं. चहा घेतला, घरी आलो.

त्याच रात्री आठ वाजता भावाची फाइल उघडली आणि पडद्याच्या तळाशी ठळक शब्द आला: रिप्लेस.

मी काहीही दाबलेलं नव्हतं. रिप्लेस म्हणजे आता जे दाबाल ते आधीच्या अक्षरांवर चढवलं जाईल. हाच तो चोर. एस्केप दाबलं, बाहेर आलो, परत उघडलं. या वेळी सगळं ठीक. परत उघडलं, ठीक. पाचव्यांदा पुन्हा रिप्लेस. घरचं टर्मिनल नवं आहे, त्याला एक्सटर्मची भाषा सगळी येते. म्हणजे जिनिंगवर केलेल्या इलाजाचा याच्याशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तीस वेळा विम उघडून बंद केलं. एकदाही नाही. रात्री पुन्हा सुरू. दुपारी बरा आणि दिवेलागणीला ताप, असा हा आजार. आता आमच्या गावात दिवेलागणीला काय बदलतं ते सांगायला नको. सगळी पोट्टी वावरातून, शाळेतून घरी येतात आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. माझं नेट म्हणजे खिडकीच्या कोनाड्यात ठेवलेल्या फोनचा हॉटस्पॉट. टिनाच्या छपराखाली घरात तेवढ्याच एका जागी रेंज येते. दुपारी पिंग केलं तर मुंबईहून उत्तर ७० मिलिसेकंदांत येत होतं. रात्री साडेआठला ६००, ९००, एकदा १४००, मग दोन गायबच.

नेट हळू झालं तर पडदा उशिरा उमटेल हे समजतं. पण हळू नेटनं रिप्लेस मोड कसा लागेल? रिप्लेस मोडसाठी मोठं आर दाबावं लागतं. ते कोण दाबत होतं?

इथे ते 'दोनदा' कामी आलं. वहीत जेसीडब्ल्यू७१५० दोनदा लिहिलं आणि बघत बसलो. विममध्ये लिहिलेला मजकूर दोनदा उमटतो तेव्हा, जेव्हा हुकमाच्या आधी दोन हा आकडा दाबलेला असतो. दोन आर. मग मजकूर, मग एस्केप, की विम तोच मजकूर आणखी एकदा टाकतो. म्हणजे कुणीतरी आधी दोन आणि मग आर दाबलं होतं. नुसतं आर नाही. 'दोन आर'.

पुन्हा स्क्रिप्टची फाइल काढली, या वेळी घरची. सुरुवातीच्या भागात एस्केप, चौकोनी कंस, सहा, एन दिसलं. हा प्रश्न आहे: कर्सर आत्ता कुठे आहे? हाच प्रश्न मी स्वतः प्रिंटएफनं टर्मिनलला विचारून पाहिला. उत्तर प्रॉम्प्टवर माझ्या नावानं टाइप झालं: एस्केप, कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, स्तंभाचा आकडा आणि शेवटी मोठं आर.

मोठं आर!

आत आजी खाटेवर बसली होती. तिला कमी ऐकू येतं, आणि ऐकलेलंही पोचायला वेळ लागतो. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आत्याबाई, च्या मांडू का?" आजी गप्प. तेवढ्यात बाबा वावरातून आले आणि म्हणाले, "माय, तुरीवर फवारा मारला काय गड्यानं?" आजी म्हणाली, "हाव, साखर जराशी जास्तच टाकजो."

बाबा हसायला लागले आणि मी वहीवर हात आपटला. उत्तर बरोबर होतं, वेळ चुकली होती, म्हणून ते भलत्याच प्रश्नाला जाऊन चिकटलं.

विमचं नेमकं असं. सुरू होताना तो टर्मिनलला पाच-सहा गोष्टी विचारतो. तुझी आवृत्ती कोणती, मागचा रंग कोणता, आणि एक गमतीशीर प्रश्न: दुसऱ्या ओळीत तो एक उलटा त्रिकोण काढतो आणि विचारतो, आता कर्सर कुठे आहे? काही अक्षरं अशी असतात की चिनी-जपानी टर्मिनलवर दोन घरं घेतात आणि इतरत्र एक. कर्सर तिसऱ्या स्तंभात पोचला असेल तर दोन घरं, दुसऱ्यात असेल तर एक. माझ्या टर्मिनलचं उत्तर: ओळ २, स्तंभ २. एस्केप, कंस, २;२आर. त्रिकोण लगेच पुसला जातो, म्हणून तो कधी दिसत नाही.

टर्मिनलचं हे उत्तर सर्व्हरकडे जाण्याचा रस्ता वेगळा नाही. माझी बटनं ज्या नळीतून जातात त्याच नळीतून तेही जातं. ते अख्खं पोचलं तर थोडं उशिरा आलं तरी विम त्याला ओळखून बाजूला काढतो. पण तुकड्यात आलं, एस्केप आधी आणि बाकीचं मागून, तर विमला एस्केप हे बटन आणि एस्केपनं सुरू होणारं उत्तर यांत फरक कळत नाही. तो ठरावीक वेळ वाट पाहतो, पुढचं काही आलं नाही तर म्हणतो, माणसानं एस्केप दाबलं. मग मागून येणारे कंस, दोन, अर्धविराम, दोन, आर ही सगळी त्याच्या लेखी मी दाबलेली बटनं. पहिली तीन निरर्थक म्हणून वाया जातात. उरतात दोन आणि आर. आणि त्याच वेळी मी कोऱ्या पडद्यावर जे, सी, डब्ल्यू दाबत असतो.

प्रॉम्प्टवर येणारं ११;आरजीबी हेही त्याच भावकीतलं. मागचा रंग कोणता याचं ते उत्तर. मी विम इतक्या लवकर बंद करायचो की उत्तर येईपर्यंत विचारणाराच निघून गेलेला, आणि दारात उभ्या शेलच्या हातात चिठ्ठी पडायची.

सगळं जुळलं, एक सोडून. हा कर्सरचा प्रश्न विचारणं काही ८.२मध्ये नव्यानं सुरू झालेलं नाही, ८.०ही विचारायचा. नेटही आमचं तीन वर्षं असंच. मग अपग्रेडच्या आधी हे का होत नव्हतं?

सर्व्हरवर विमच्या सेटिंगच्या फोल्डरात गेलो. विमआरसी ही फाइल होती, आणि शेजारी त्याच नावापुढे डीपीकेजी-ओल्ड लागलेली दुसरी. पोटात गोळा आला, कारण ती कुठून येते मला माहीत होतं. अपग्रेड होताना एखादी सेटिंगची फाइल आपण बदललेली असेल तर पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, डीपीकेजी, थांबून विचारतं, पॅकेजवाल्याची नवी बसवू की तुमचीच ठेवू? नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. वाय दाबलं तर नवी बसते आणि तुमची 'ओल्ड' शेपूट लावून बाजूला ठेवली जाते. त्या रात्री दीड वाजता असे सात-आठ प्रश्न आले होते. मला वाटलं वाय म्हणजे पुढे चल.

डिफ लावून दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. जुनीत शेवटी चार ओळी होत्या. टी-अंडरस्कोअर-यू७ रिकामं, म्हणजे कर्सरचा प्रश्न विचारू नको. टी-अंडरस्कोअर-आरबी रिकामं, म्हणजे मागचा रंग विचारू नको. टीटाइमआउटलेन १०००, म्हणजे एस्केपनंतर सेकंदभर वाट पाहा. डिफॉल्टच्या फाइलीला वगळणारी एक ओळ. आणि या सगळ्यांच्या वर माझ्याच हातची मराठी टीप:

रात्री नेट अडकलं की आपोआप आर लागतो, त्याचा इलाज. काढू नको.

तीन वर्षांपूर्वी गावात परत आलो तेव्हाच्या महिन्यातली तारीख होती. म्हणजे हा रोग मी एकदा शोधला होता, औषध लावलं होतं, बाटलीवर चिठ्ठी लावली होती, आणि पार विसरून गेलो होतो. नवा विम नवा विम म्हणून ज्याला तीन दिवस शिव्या घातल्या त्याचा यात हात फक्त जिनिंगवरच्या कचऱ्यापुरता. दोन रोग एकाच दिवशी आले म्हणून मी त्यांना एक समजलो.

औषध परत लावताना आणखी एक ठेच लागली. या वेळी शहाणपणानं मुख्य फाइलीला हात लावला नाही. विमआरसी-डॉट-लोकल ही फाइल अशाच घरच्या सोयींसाठी असते, पुढच्या अपग्रेडला ती कुणी बदलत नाही. पहिल्या तीन ओळी तिथे टाकल्या. चौथी, डिफॉल्ट वगळणारी, मला वाटलं कशाला. आणि टीटाइमआउटलेन काही १००० होईना. विचारलं की १००च सांगतो. मग व्हर्बोज लावून विचारलं. ही विमची फार गुणी सोय, सेटिंगची किंमत तर सांगतोच, वर ती शेवटी कोणत्या फाइलीनं लावली तेही सांगतो. उत्तर: डिफॉल्ट्स-डॉट-विम. ज्याची स्वतःची विमआरसी घरच्या फोल्डरात नाही त्याच्यासाठी विम ही फाइल सर्वांत शेवटी वाचतो आणि आधीचं पुसून टाकतो. माझी घरची फाइल नव्हतीच, मी सगळं सर्व्हरभर लागू होणाऱ्या फाइलीत टाकत आलो होतो. तीन वर्षांपूर्वीच्या मला हे ठाऊक होतं, म्हणून तर ती चौथी ओळ. मुकाट्यानं तीही टाकली. आता खरं एस्केप दाबल्यावर कधीकधी सेकंदभर काहीच हलत नाही, ते चालतं मला.

जिनिंगच्या कचऱ्यासाठी टी-अंडरस्कोअर-टीआय आणि टी-अंडरस्कोअर-टीई ही दोन्ही रिकामी केली. पहिलं विम सुरू होताना ती एक्सटर्मी विनंती पाठवतं, दुसरं बंद होताना ती मागे घेतं. मग जिनिंगवर जाऊन व्हीटी१०० काढलं, परत एक्सटर्म केलं. रंग आले, कचरा आला नाही. दिवाणजी म्हणाले, "पयले असंच होतं ना? मंग चार दिवस केलं काय?"

खरा आराम मात्र टीमक्सनं दिला, आणि तो मी उगाच इतकी वर्षं लांब ठेवला होता. टीमक्स म्हणजे टर्मिनलच्या आतलं टर्मिनल, आणि तो सर्व्हरवरच चालतो; नेट तुटलं तरी आतलं काम चालूच राहतं. विमला वाटतं हाच आपला टर्मिनल, आणि कर्सर कुठे हे विचारलं की टीमक्स तिथल्या तिथे उत्तर देतो. प्रश्न मुंबईहून आर्णीच्या टिनाखाली येतच नाही. शिवाय तो आपलं नाव टर्मला स्क्रीन किंवा टीमक्स असं खरं सांगतो, म्हणून विम एक्सटर्मची बोलीही बोलत नाही. रंग फिके दिसले म्हणून काही जण टीमक्सच्या आत टर्मला पुन्हा एक्सटर्म लिहितात. मीही हात तिकडे नेला होता, वेळीच मागे घेतला.

त्या सकाळच्या नऊ हातपावत्या कॉम्प्युटरात चढवायच्या राहिल्याच होत्या. आठवडा उलटल्यावर सेठजींनी आठवण दिली तेव्हा एका संध्याकाळी बसलो. कार्बनची निळी अक्षरं, दिवाणजींचा सात आणि एक सारखाच. टीमक्समध्ये विम उघडला, तळाशी काही शब्द नाही हे पाहिलं, मगच पहिलं बटन दाबलं. सातव्या पावतीवर लाईन गेली. घरातला दिवा गेला, पाच मिनिटांत टॉवरही गेला, फोनवरच्या कांड्या शून्य. आजीनं अंधारातून विचारलं, "लाईन गेली का रे?" जेवून घेतलं.

पावणेदहाला लाईन आली. परत जोडलो, टीमक्सला म्हटलं दाखव. कर्सर सातव्या पावतीच्या निव्वळ वजनावरच लुकलुकत होता, १२.४ लिहून झालेलं, पुढचा आकडा राहिलेला. तो एक होता की सात, हे दिवाणजींना फोन करून विचारलं.